सेनिओकाठचा निरोप्या

सीना नदी अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते, सोलापूर जिल्ह्यातून वाहत जाते आणि हत्तरसंग-कुडलच्या संगमावर भीमेला मिळते. उन्हाळ्यात तिचे पात्र आटते, तेव्हा शेळ्यामेंढ्या वाळूतून खुशाल पैलतीरावर जातात. पावसाळ्यात वरून पाण्याचा लोंढा आला, म्हणजे मात्र याच नदीपुढे पट्टीचे पोहणारे गडीही थबकतात. तेव्हा नदी ओलांडणे म्हणजे काय, हे सीनाकाठच्या मुलांना निराळे सांगावयास नको. परंतु नदीला पूर नाही, पाणी छातीएवढेच आहे, पात्र इतके अरुंद की बैल जुंपलेली गाडी आडवी उभी केली तर ते भरून जावे. आणि तरीही ते ओलांडताना धडधाकट माणसे एकामागून एक कोसळावीत, अशी एक संध्याकाळ होऊन गेली. ती संध्याकाळ ९ एप्रिल १९४५ ची. नदी इटली देशातली, नाव सेनिओ. ती ओलांडणाऱ्यांत आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतले तरुण होते. त्यांपैकी एकाची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्याचे नाव शिपाई नामदेव जाधव.

नामदेवाचा जन्म १९२१ साली निमज या गावी झाला. सीना ज्या जिल्ह्यात उगम पावते, त्याच जिल्ह्यातले हे गाव. त्या काळी त्या जिल्ह्याला अहमदनगर म्हणत. सोलापूर, नगर, सातारा, पुणे या जिल्ह्यांचा बराचसा भाग अवर्षणाचा. पाऊस आला तर ज्वारी, नाही आला तर कडबाही नाही, अशी तेथल्या शेतकऱ्याची स्थिती. घरात चार भाऊ असले आणि जमिनीचा तुकडा एकाच्याच पोटाला पुरणारा असला, म्हणजे एखाद्या भावाने पलटणीत जावे, ही या मुलखातली जुनी रीत. कोकणातल्या घराघरांतही तीच होती. दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा हिंदुस्थानच्या सैन्यात सक्तीची भरती नव्हती. तरीसुद्धा युद्ध संपेपर्यंत सुमारे २५ लक्ष लोक सैन्यात दाखल झाले. सक्तीवाचून उभे राहिलेले एवढे मोठे सैन्य जगाने त्यापूर्वी पाहिले नव्हते. सक्ती नव्हती हे खरे. परंतु गरिबी होती, हेही तितकेच खरे.

मराठा पलटणींचे मुख्य ठाणे बेळगाव येथे होते आणि आजही तेथेच आहे. खेड्यातून आलेला पोरगा तेथे आला, म्हणजे काही महिन्यांत त्याचे रूप पालटून जाई. पायात आयुष्यात प्रथमच बूट येत. बंदूक उघडून पुसणे, डोळे मिटून ती पुन्हा जोडणे, रात्रीच्या अंधारात आवाज न करता चालणे, पोटावर सरपटणे, हे सारे त्याला शिकविले जाई. निरनिराळ्या प्रांतांतल्या शिपायांना एकमेकांचे बोलणे कळावे, म्हणून रोमन लिपीत लिहिलेली हिंदुस्थानी भाषाही तो शिके. गावात ज्याला मोडी धड वाचता आली नाही, असा मुलगा पलटणीत लिहू-वाचू लागे. नामदेव ज्या पलटणीत होता, ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण. ‘जंगी पलटण’ या नावाने ती ओळखली जाते. तिची स्थापना १७६८ सालची, म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीतली. परंतु ती उभारली होती मुंबईच्या इंग्रजांनी. इतिहासाची ही गुंतागुंत या हकीकतीत आपल्याला पुढेही भेटणार आहे.

ही पलटण इटलीत कशी पोहोचली, हे थोडक्यात पाहू. १९३९ च्या सप्टेंबर महिन्यात इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. जर्मनीत त्या वेळी हिटलरची सत्ता होती आणि इटलीत मुसोलिनीची. दोघे परस्परांचे मित्र होते. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करली. पण इटलीत ठाण मांडून बसलेले जर्मन सैन्य मागे हटेना. दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेक डोंगर आणि एकेक नदी त्याच्या हातून हिसकावून घ्यावी लागली. या कामात इंग्रज, अमेरिकन, पोलिश, न्यूझीलंडचे, कॅनडाचे असे अनेक देशांचे सैनिक होते. आपल्या देशाच्या चौथ्या, आठव्या व दहाव्या अशा तीन डिव्हिजन तेथे लढल्या. जंगी पलटण आठव्या डिव्हिजनमध्ये होती.

इटलीचा नकाशा काढून पाहा. देशाच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखी अपेनाइन पर्वताची रांग गेली आहे. त्या रांगेतून दोन्ही बाजूंना नद्या उतरतात. त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या सैन्याला एक नदी ओलांडली की पुढे दुसरी नदी आडवी येतेच. पायदळाच्या शिपायाने दोन हिवाळे हेच केले. तो चिखलात चालला, चिखलात झोपला. ज्याने जन्मात बर्फ पाहिले नव्हते, त्याने बर्फात पहारा दिला. डोंगरात मोटारी चढेनात, तेव्हा खेचरांच्या पाठीवरून धान्य आणि दारूगोळा वर जाई. कणीक, डाळ, तूप आणि चहा ही सामग्री समुद्र ओलांडून त्याच्यापर्यंत पोहोचे. परंतु लढाईच्या धामधुमीत पोळी गरम मिळेलच, याचा भरवसा नसे. घरून आलेले पत्र आधी तपासनिसाच्या डोळ्यांखालून जाई. त्याने घरी लिहिलेले पत्रही तसेच तपासले जाई. आपण कोणत्या गावी आहोत, हे लिहिण्यास मनाई होती. त्यामुळे ‘मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी’ यापलीकडे फारसे काही लिहिताच येत नसे. युद्धावरची पत्रे वाचणाऱ्यांना ती कोरडी वाटतात, त्याचे एक कारण हे आहे.

आता नामदेवाचे काम काय होते ते पाहू, कारण ते समजल्याशिवाय पुढची हकीकत नीट समजणार नाही. पायदळाची रचना अशी असते: सुमारे दहा शिपायांचा एक सेक्शन, तीन सेक्शनांचा एक प्लाटून, तीन प्लाटूनांची एक कंपनी. अशा चार लढाऊ कंपन्या आणि त्यांच्याबरोबरची इतर माणसे मिळून सुमारे ८०० जणांची पलटण होते. कंपनीचा अधिकारी एका ठिकाणी, त्याचे प्लाटून दूर दूर पांगलेले. कोणी पुढे जावे, कोणी थांबावे, कोणी डावीकडून वळावे, हा हुकूम त्यांच्यापर्यंत पोहोचणार कसा? टेलिफोनची तार टाकावी, तर तोफगोळा पडून ती तुटते. बिनतारी यंत्र जड, आणि नेमके अडचणीच्या वेळी बंद पडणारे. म्हणून प्रत्येक कंपनीत निरोप पोहोचविणारा शिपाई असे. पलटणीत त्याला ‘रनर’ म्हणत. आपल्या जुन्या कागदपत्रांत अशा माणसाला जासूद म्हटलेले आढळते. आज जासूद म्हटले की आपल्याला गुप्तहेर आठवतो, पण मराठेशाहीतला जासूद मुख्यत्वे पत्र आणि निरोप नेणारा होता.

हे काम ऐकावयास सोपे वाटते. परंतु विचार करा: गोळीबार सुरू झाला, म्हणजे सर्वांना जमिनीला चिकटून राहण्याची आज्ञा असते, निरोप्याला मात्र त्याच वेळी उठून धावावे लागते. सर्व शिपाई घोळक्याने असतात. तो एकटा जातो. निरोप शब्दशः लक्षात ठेवावा लागतो, कारण ‘पुलाच्या अलीकडे थांबा’ याचे ‘पुलाच्या पलीकडे थांबा’ असे झाले, तर त्या एका शब्दापायी माणसे मरतात. आपले लोक कोठे आहेत, शत्रू कोठून मारा करतो, कोणत्या झाडाआड दम घेता येईल, याचा नकाशा त्याच्या डोक्यात पक्का असावा लागतो. आणि तो नेहमी कंपनीच्या अधिकाऱ्याजवळ असतो, म्हणून सर्वांचे बेत त्याच्या कानावर पडतात. स्वतः बेत ठरविण्याचा अधिकार मात्र त्याला नसतो. दुसऱ्याने ठरवावे आणि याने पोहोचवावे, असे त्याचे काम. नामदेव जाधव आपल्या कंपनीचा निरोप्या होता. वय वर्षे २३.

सेनिओचे पाणी फार नाही, हे वर सांगितलेच. पात्राची रुंदी सुमारे १५ फूट, खोली चार-पाच फूट. मग भय कशाचे? भय होते तिच्या बांधांचे. अपेनाइनमधून उतरणाऱ्या नद्या आपल्याबरोबर पुष्कळ गाळ आणतात. सपाट प्रदेशात आल्यावर तो गाळ तळाशी बसतो, पात्र उथळ होते आणि पूर शेतात शिरतो. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही तीरांवर मातीचे बांध घातले आणि ते उंचच उंच चढवीत नेले. जंगी पलटणीच्या वाट्याला नदीचा जो भाग आला होता, तेथे हे बांध ३० ते ३५ फूट उंच होते. म्हणजे तीनमजली घराएवढी उंच मातीची भिंत, आणि तिची बाजू कड्यासारखी उभी. अशा दोन भिंतींच्या मध्ये खाली पाणी. शेतकऱ्याने शेत वाचविण्यासाठी बांधलेला बांध जर्मन सैन्याला आयता किल्ला म्हणून मिळाला. त्यांनी दोन्ही बांध आतून पोखरले. उंदीर जशी बिळे करतो, तसे बांधाच्या पोटात भुयारी कोठे खणले, त्यांना छिद्रे ठेवली आणि छिद्रांतून मशीनगनची तोंडे नदीकडे वळविली. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावर, या कोठ्यांच्या वरच्या बाजूस, सुरुंगांचा पट्टा पेरला. पश्चिमेकडून येणाऱ्याने एक भिंत चढावी, उतरावी, पाण्यात शिरावे आणि मग समोरची भिंत चढू लागावे. तो पाण्यात असतानाच त्याला टिपावे, अशी ही योजना.

९ एप्रिलला दुपारी आठशेहून अधिक मोठ्या बॉम्बफेकी विमानांनी शत्रूच्या मुलखावर मारा केला. त्यामागून तोफांचा भडिमार सुरू झाला. इतक्या माऱ्यानंतर समोर कोणी जिवंत उरले असेल, असे वाटत नव्हते. पण मातीचा जाड बांध हा फार चांगला आसरा आहे. दगडी भिंत गोळ्याने फुटते. माती गोळा गिळून टाकते. शिवाय बांधाच्या आतल्या, म्हणजे नदीकडच्या उतारावर खणलेल्या कोठ्यांवर दुरून आलेला गोळा नेमका पडणे कठीण. तोफा थांबल्या, तेव्हा त्या कोठ्यांतील बरेचसे जर्मन सैनिक आपापल्या मशीनगनांजवळ होतेच.

संध्याकाळ झाली. सान पोलितो गावाच्या उत्तरेस जंगी पलटणीच्या दोन कंपन्या पुढे सरसावल्या. पहिल्या कंपनीने पश्चिमेचा बांध घ्यावयाचा आणि तेथून पलीकडच्या बांधावर मारा करावयाचा. तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीने नदी ओलांडावयाची, असे ठरले होते. नामदेव या दुसऱ्या कंपनीत होता. आपल्या अधिकाऱ्याबरोबर, आघाडीच्या एका सेक्शनच्या अगदी मागोमाग, तो पाण्यात उतरला. ही छोटी तुकडी पाण्यातून पूर्वेच्या तीराला लागते न लागते, तोच समोरच्या उतारावरून निदान तीन ठिकाणांहून गोळ्यांची सर आली. काही क्षणांतच सारे आटोपले. कंपनीचा अधिकारी आणि दोन शिपाई जखमी होऊन पडले. बाकीचे सर्व ठार झाले. उरला एकटा नामदेव.

येथे क्षणभर थांबून त्याच्या स्थितीचा विचार करावा. जो हुकूम देई, तो अधिकारी जखमी होऊन पडला आहे. ज्यांच्यापर्यंत हुकूम पोहोचवावयाचा, ते समोर मरून पडले आहेत. आजवर दुसऱ्याचा निरोप घेऊन धावलेल्या या शिपायापाशी आता कोणाचाही निरोप नाही. परत फिरला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. खरे म्हणजे बोल लावणारे तेथे कोणी उरलेच नव्हते. पुढचे जे काही घडले, ते सर्व त्याने स्वतः ठरविले.

आणि त्याने पहिली गोष्ट ठरविली ती जखमींची. त्याने एका जखमीला उचलले. भिजलेला, रक्तबंबाळ, शुद्ध असो वा नसो, पण स्वतःचे अंग सावरू न शकणारा माणूस उचलून नेणे किती जड जाते, हे ज्याने कधी आजाऱ्याला उचलले आहे त्याला ठाऊक असेल. तसे ओझे घेऊन तो खोल पाण्यातून गेला, कड्यासारखी चढण चढला, सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढीत त्याने त्या जखमीला सुरक्षित जागी पोहोचविले. मशीनगनांचा मारा चालूच होता. वरून उखळी तोफांचे गोळे पडत होते. उखळी तोफेचा गोळा आकाशात उंच जाऊन सरळ डोक्यावर उतरतो, त्यामुळे बांधाची आड त्याला आडवीत नाही. तशा माऱ्यातून नामदेव पुन्हा खाली गेला आणि दुसऱ्या जखमीलाही त्याने तसेच वर आणले.

दोन खेपांनंतर तो थांबू शकला असता. परंतु त्या तीन मशीनगना जोवर बोलत होत्या, तोवर मागच्या कंपन्यांना पाण्यात पाऊल टाकता येत नव्हते. आपल्या मेलेल्या सोबत्यांचा सूडही त्याच्या मनात होता. तिसऱ्यांदा ती उघडी जागा ओलांडून तो सर्वांत जवळच्या मोर्च्यावर धावून गेला आणि आपल्या टॉमीगनने त्याने तो बंद पाडला. या झटापटीत त्याच्या हाताला गोळी लागली. टॉमीगन चालवावयास दोन्ही हात धड लागतात. आता ती निरुपयोगी, म्हणून त्याने ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. हातबॉम्बाची कळ ओढली, की काही सेकंदांत तो फुटतो. म्हणून मोर्च्याच्या अगदी जवळ जाऊन, छिद्रातून आत पडेल असा तो टाकावा लागतो. नामदेवाने दुसरा मोर्चा असाच उडविला, मग तिसराही. मध्यंतरी त्याच्याजवळचे हातबॉम्ब संपले. तेव्हा तो सरपटत बांधाच्या माथ्यापर्यंत गेला, पलीकडच्या उतारावर असलेल्या सोबत्यांकडून आणखी हातबॉम्ब घेतले आणि परत आला. शौर्याच्या गोष्टींतून हा मधला प्रसंग बहुधा वगळला जातो. मला मात्र तो विशेष मोलाचा वाटतो. रागाच्या भरात एकदा धावून जाणे पुष्कळांना जमते. सामान संपले म्हणून मागे येऊन, मोजून घेऊन, पुन्हा त्याच जागी जाणे याला निराळे मन लागते.

पूर्वेच्या बांधावरच्या मशीनगना आता मुक्या झाल्या होत्या. नामदेव बांधाच्या माथ्यावर चढला. उखळी तोफांचे गोळे अजून पडत होते, पण तो उघड्यावर ताठ उभा राहिला, आणि मराठा पलटणींची शिवछत्रपतींच्या जयजयकाराची गर्जना करीत, हात हलवून मागच्या कंपन्यांना बोलावू लागला. त्या आल्या. नदी ओलांडली गेली, पलीकडच्या तीरावर पलटणीचे पाऊल पक्के रोवले गेले, आणि पुढे त्या भागातला शत्रूचा प्रतिकार मोडून पडला. त्या संध्याकाळचा हा एकच निरोप असा होता, की जो त्याला दुसऱ्या कोणी सांगितला नव्हता.

पुढे तीन आठवडेच गेले आणि २ मे १९४५ रोजी इटलीतील जर्मन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. जून महिन्यात नामदेव जाधवाला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. काशाचे हे साधेसे पदक ब्रिटिश साम्राज्यात शौर्याबद्दल मिळणारा सर्वांत मोठा मान होता. हिंदी शिपायांना १९११ पर्यंत त्याचा अधिकारच नव्हता. गोऱ्या सैनिकाने केलेले शौर्य आणि काळ्या सैनिकाने केलेले शौर्य निरनिराळ्या तराजूंत तोलले जाई.

हे वाचताना सोलापूरच्या मुलांच्या मनात एक प्रश्न उभा राहील, आणि तो राहावा अशीच माझी इच्छा आहे. १९३० च्या मे महिन्यात याच शहरात लोकांनी सरकारविरुद्ध उठाव केला, तेव्हा सरकारने येथे लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यांचे पुतळे आपण शहरात पाहतो. ज्या राजसत्तेने त्यांना फासावर चढविले, तिच्याच राजाच्या नावाचा गणवेश नामदेवाच्या अंगावर होता. मग दोघांनाही आपण मान द्यावयाचा तो कसा?

या प्रश्नाला झटपट उत्तर नाही. काहीजण म्हणतात, ती भाडोत्री चाकरी होती, तिचे कौतुक नको. मला हे पटत नाही. निमजच्या तरुणाने साम्राज्य उभारले नव्हते, आणि युद्ध पुकारताना त्याला कोणी विचारलेही नव्हते. त्याच्यासमोर ज्या सैन्याच्या मशीनगना होत्या, ते सैन्य माणसामाणसांत वंशावरून भेद करून लक्षावधी निरपराध्यांना मारणाऱ्या राजवटीचे होते, हेही विसरता येत नाही. आणि त्या दोन जखमींना उचलताना तो कोणत्याही राजासाठी पाण्यात उतरला नव्हता. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्वातंत्र्यासाठी झालेल्या युद्धाचा पहिला लाभ ज्यांना मिळावयास हवा होता, ते लोक मायदेशी परतले तेव्हा पारतंत्र्यातच परतले. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात नौदलाचे खलाशी उठले, तेव्हा हीच विसंगती त्यांना असह्य झाली होती. याच महायुद्धात सोलापूरचा एक तरुण परदेशात मृत्यू पावला, तेही लक्षात घ्या. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करावयास गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. ते राष्ट्रसभेने पाठविलेल्या पथकातून गेले, नामदेव सरकारी पलटणीतून गेला. वाटा अगदी भिन्न.

सेनिओकाठच्या त्याच संध्याकाळी, त्याच आठव्या डिव्हिजनमध्ये, फ्रंटियर फोर्स रायफल्सचा शिपाई अली हैदर यानेही जखमी अवस्थेत शत्रूचे दोन मोर्चे घेऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. तो कोहाटकडचा पठाण. एकाच नदीवर लढलेले हे दोन शिपाई सव्वादोन वर्षांनी दोन निराळ्या देशांचे नागरिक झाले.

सारेच परतले नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे हा कोकणातल्या माणगावकडचा. नामदेवाच्याच वर्षी, १९२१ मध्ये, जन्मलेला. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्याच्या सेक्शनमधले सर्वजण मशीनगनच्या माऱ्याने ठार किंवा घायाळ झाले. तेव्हा तो एकटाच त्या मोर्च्यावर चालून गेला. हातबॉम्बाने मशीनगन बंद पाडली, गोळ्या संपल्यावर दुसरी पेटी चढविण्यास वेळ उरला नाही म्हणून टॉमीगन नळीकडून धरून तिच्या दस्त्याने तो लढला, आणि मोर्चा जिंकल्यावर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेथेच पडला. त्याचे पदक त्याच्या पत्नीच्या हाती देण्यात आले. त्याची समाधी कोठे आहे ते माहीत नसल्यामुळे त्याचे नाव कासिनो येथील स्मारकावर कोरले आहे. इटलीतल्या मोंतोने गावच्या लोकांनी २०२३ साली त्याच्या नावाने एक छायायंत्र उभारले. सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणारे हे यंत्र आहे. इटलीच्या मोहिमेत आपल्या देशाचे ५,७८२ सैनिक मरण पावले. फोर्ली शहरात हिंदी सैनिकांची स्मशानभूमी आहे, आणि ज्यांचे दहन करण्यात आले त्यांची नावे तेथील स्मारकावर आहेत.

नामदेव जाधव मात्र परत आला. आतापर्यंत त्याचा उल्लेख एकेरी केला, कारण सेनिओच्या बांधावर उभा होता तो तेवीस वर्षांचा पोरगा होता. पुढे ते हवालदार झाले. ज्या पलटणीत ते निरोप्या होते, ती १९४७ नंतर स्वतंत्र भारताची पलटण झाली. १९८४ साली त्यांचे निधन झाले.